आठ पाठमोरे आणि एक

डोळ्यांच्या दवाखान्यात त्यांना सगळे भिंतवाल्या बाई म्हणायला लागले होते. पहिल्या दिवशी दारावरच्या रखवालदाराने विचारलं, कितवा नंबर, तर त्या म्हणाल्या, नंबर नाही, मी भिंतीसाठी आलेय. तेव्हापासून ते नाव चिकटलं आणि बाईंनीही ते चालवून घेतलं. पन्नाशी उलटली होती. जुन्या वास्तूंच्या खात्यात कंत्राटावर काम. कधी एखाद्या पुलाचा अहवाल लिही, कधी पडक्या टाकीचा, असं करता करता वर्षं गेली होती. आपल्याला कोण काय म्हणतं यावर विचार करायचं त्राण राहिलं नव्हतं.

दवाखान्याची इमारत म्हणजे जुनी शाळा. शाळा नव्या जागेत गेली, ही काही वर्षं ओस पडली आणि मग इथे दवाखाना आला. वर्गांच्या तपासणीच्या खोल्या झाल्या, पण खिडक्यांच्या लाकडावर कर्कटकाने कोरलेली नावं तशीच होती. मधल्या मोठ्या हॉलमध्ये, जिथे सकाळी पोरं रांगेने उभी राहत, तिथे आता खुर्च्यांच्या रांगा होत्या. डोळ्यांत थेंब घातलेली माणसं तिथे मान मागे टाकून बसायची. त्यांच्या समोरच्याच भिंतीवर ते चित्र होतं, आणि बसलेल्यांपैकी निम्म्यांना ते धुक्यासारखं दिसायचं.

चित्र तैलरंगातलं, थेट गिलाव्यावर काढलेलं, छताला टेकेल एवढं उंच. उजाडत्या वेळची एक टेकडी आणि ती चढणारे नऊ सैनिक. त्यातले आठ पाठमोरे. नववा, रांगेच्या शेवटचा, तेवढा मागे वळून हॉलकडे बघतो आहे. वय एकोणीस-वीस, कान मोठे, तोंड किंचित उघडं, कोणीतरी हाक मारल्यासारखं. खाली एकच ओळ होती: ‘या शाळेचे विद्यार्थी. लढाईतून परतले नाहीत.’ त्या नऊ जणांची नावं चौकातल्या दगडावर होती, पण भिंतीवरचा कोण म्हणजे कोण, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

मोठ्या डॉक्टरांना नवी यंत्रं बसवायला हॉलमध्ये आडभिंत घालायची होती आणि ती बरोबर चित्राच्या मधोमध येत होती. म्हणून खात्याकडे विचारणा झाली आणि खात्याने बाईंना धाडलं. चित्र कोणी काढलं, कधी काढलं, ठेवण्याजोगं आहे का, एवढंच लिहायचं होतं. पण निघताना साहेबांनी आणखी एक काम गळ्यात मारलं. तो वळून बघणारा आमचाच, असं तीन घरं म्हणतात आणि तिघांचेही अर्ज आलेत, ते म्हणाले. तो कोण ते एकदा ठरवून टाका, म्हणजे पाटी लावू आणि मोकळे होऊ.

शाळेचे जुने कागद वाळवीने कधीच संपवलेत हे कळलं तेव्हा बाईंना खरं तर सुटल्यासारखं वाटलं. राहिली होती ती माणसं.

पहिला एक शिंपी. दवाखान्यासमोरच त्याचं दुकान. तो म्हणाला, तो माझा काका, आणि पुरावा म्हणून त्याने स्वतःचे कान दाखवले. कान खरंच मोठे होते. दुसरा एक निवृत्त पोस्टमन, त्याचा म्हणे चुलतभाऊ. त्याच्याकडे पुरावा नव्हता, नुसता आवाज होता. तिसऱ्या, दवाखान्यात सगळे ज्यांना मावशी म्हणत त्या.

मावशी सत्तरीच्या होत्या. काचबिंदूने त्यांची नजर कडेकडेने खाल्ली होती. नळीतून बघावं तसा मधला एवढासा तुकडा शिल्लक होता. महिन्यातून एकदा डोळ्यांचा दाब तपासायला येत, पण नंबराच्या कितीतरी आधी येत आणि पहिल्या रांगेत कोपऱ्यातली खुर्ची धरत. तिथे बसून हळू आवाजात त्या चित्राशी बोलायच्या. गुडघा कसा आहे, जावई पुन्हा नोकरी सोडून बसलाय, यंदा भिंतीला ओल आली, असलंच काहीबाही. नर्सना सवय झालेली होती. नंबर पुकारला की त्या म्हणायच्या, मावशी, दादाला सांगा आता, आत जायचंय.

बाईंनी विचारलं तेव्हा मावशींनी वादही घातला नाही. “माझा दादा आहे तो,” त्या म्हणाल्या. “तो गेला तेव्हा मी एवढीशी होते. घरात फोटो एकच होता, तो आईबरोबर गेला. हाच राहिलाय.”

बाईंनी ते टिपून घेतलं. वहीत वरच्या ओळीत शिंप्याचे कान होतेच.

घरी पोचेपर्यंत रोज सात वाजायचे. बाईंच्या यजमानांना दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला होता. पूर्वी ते टंकलेखनाचे वर्ग चालवत. आता डावा हात मांडीवर ठेवलेल्या पिशवीसारखा पडून असायचा. दिवसभर शेजारीण येऊन-जाऊन बघायची, सकाळची दाढी आणि रात्रीचं जेवण बाईंकडे. बोलणं तेवढं त्यांचं हळूहळू परत आलं होतं आणि आल्या आल्या त्यातला खवचटपणाही आला होता. बाईंनी पोळीचा तुकडा भरवताना शिंप्याची गोष्ट सांगितली तर ते बराच वेळ शब्द जुळवून म्हणाले, “कानावरून ठरवणार असशील तर अर्ध्या गावाचा काका निघेल तो.” बाईंना हसू आलं, पण अर्धंच. उष्टी भांडी तशीच विसळायची राहिली आणि त्या खुर्चीतच झोपल्या.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी, दवाखाना जेवणासाठी बंद असताना, बाई शिडी लावून चढल्या. बॅटरी भिंतीला जवळजवळ टेकवून त्यांनी उजेड आडवा टाकला. असा आडवा उजेड टाकला की रंगाचे उंचवटे दिसतात. कुठे आधी काय होतं आणि नंतर काय केलं ते कळतं. टेकडीवर रंग पातळ होता. पाठींवरही पातळच. पण डोक्यांपाशी तो जाड झाला होता, थरावर थर चढलेले. बाईंनी उजेड हलवला. पहिल्या सैनिकाच्या मागच्या केसांमधून एका नाकाची कड वर आलेली दिसली. दुसऱ्याच्या केसांखाली ओठ. त्या एकेक डोकं बघत गेल्या. आठही पाठमोऱ्यांच्या केसांखाली चेहरे होते. फक्त नवव्याच्या चेहऱ्याखाली काही नव्हतं. तो एकदाच काढलेला होता.

शिडीवरून उतरल्यावर त्या रिकाम्या खुर्चीवर बसल्या. आता हे काम लवकर आटपत नाही, हे त्यांना कळून चुकलं.

चित्रकार तर गेलाच असणार, असं सगळे धरून चालले होते. शिंपी म्हणाला, छे हो, चित्रकलेचे मास्तर ना? आहेत की. लेकीकडे असतात, बस डेपोच्या मागे. गेल्या महिन्यातच त्यांचे दोन पायजमे आखूड करून दिले, माणूस आटत चाललाय. एवढे दिवस हे का नाही सांगितलंत, असं बाईंनी विचारलं. तो म्हणाला, तुम्ही काकाबद्दल विचारत होता.

मास्तर नव्वदीचे होते. खिडकीशी वेताच्या खुर्चीत, गुडघ्यांवर शाल घेऊन बसलेले. त्यांच्या लेकीचीही साठी जवळ आली होती. तिने बाईंना आधीच बजावलं की बाबा एकदा बोलायला लागले की दमतात आणि दमले की मग मला रात्रभर निस्तरावं लागतं. बाईंनी मान हलवली. त्यांना ते नीट कळत होतं.

केसांखालच्या चेहऱ्यांचं विचारल्यावर मास्तरांनी गुडघ्यांवरची शाल सारखी केली. मग म्हणाले, तुम्ही पहिल्या. कोणी उजेड आडवा धरून बघेल असं वाटलं नव्हतं.

मग त्यांनी थांबत थांबत सांगितलं ते असं. लढाई संपल्यावर हेडमास्तरांनी त्यांना चित्र काढायला सांगितलं. मास्तर तेव्हा तिशीचेही नव्हते. घराघरांतून फोटो आले, अंगठ्याच्या नखाएवढे. कुणाचा शाळेच्या ओळखपत्रावरचा, कुणाचा घोळक्यातून कापलेला. त्यांवरून त्यांनी नऊही जण टेकडी चढता चढता मागे वळून बघताना काढले. पडदा उघडला त्या दिवशी कोणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवसापासून लोक यायला लागले. एकाचे वडील म्हणाले, नाक असं नव्हतं. एकीने नुसतंच बघितलं आणि म्हणाली, हा माझा नाही. मास्तर रंग घेऊन बसायचे, दुरुस्त करायचे. नाक सुधारलं की डोळे परके व्हायचे. डोळे सुधारले की तो आणखीच तिसरा कोणी व्हायचा. शेवटी हेडमास्तर म्हणाले, चुना मारून टाका, नको ही कटकट.

“एक आई तर रोज यायची,” मास्तर म्हणाले. “तिचं म्हणणं हनुवटीबद्दल. रोज एकच, हनुवटी अशी नव्हती. बरोबर एक लहान पोर असायची, ती माझ्या रंगात बोटं बुडवायची. शेवटी मी कंटाळलो, बाई. रागाने म्हणा. त्याचं तोंडच फिरवून टाकलं. दुसऱ्या दिवशी ती आली, उभी राहिली आणि तिथेच खाली बसली. म्हणाली, हाच.”

“पाठीवरून?”

“चित्रकलेचा मास्तर फळ्याशी उभा राहत नाही. तो मागून फिरतो, खांद्यावरून बघतो कोण काय काढतोय ते. पोरांची तोंडं मला धड आठवत नव्हती. पाठी मात्र पाठ होत्या.”

मग बाकीचे आपणहून आले. आमचाही फिरवा म्हणाले. एकेक करून आठ फिरवले, आणि त्यानंतर कोणाची तक्रार आली नाही.

बाईंनी नवव्याचं विचारलं. मास्तर म्हणाले, तो वसतिगृहातला. त्याला कोणी नव्हतं. फार काटकुळा आणि मास्तरांसाठी खडू आणायला सगळ्यांत पुढे, म्हणून पोरं त्याला खडू म्हणायची. खरं नावही त्यांनी सांगितलं. चौकातल्या दगडावर ते होतं. त्याचा चेहरा चुकलाय असं सांगायला कोणी आलंच नाही, म्हणून तो तसाच राहिला.

“म्हणजे तो तरी बरोबर आहे,” बाई म्हणाल्या.

“कोण सांगणार?” मास्तर म्हणाले, आणि त्यांनी डोळे मिटले. लेकीने बाईंकडे बघितलं. बाई उठल्या.

जिन्यावरून उतरताना बाईंच्या लक्षात आलं, की रंगात बोटं बुडवणारी ती पोर म्हणजे कोण. मास्तरांनी हनुवटीवाल्या आईचं आडनाव सांगितलं होतं आणि ते मावशींच्या माहेरचं होतं. म्हणजे तिचा मुलगा म्हणून मास्तरांनी सांगितलेला पुढून तिसरा, डावा खांदा उतरलेला, तोच मावशींचा दादा. बाईंना वाटलं, विचारायलाच नको होतं. तीनपैकी कोणाचंही एक नाव लिहून दिलं असतं तर साहेब खूश, एक घर खूश, आणि आपण वेळेवर घरी.

साहेब मात्र भलतेच हरखले. खाली आठ चेहरे आहेत म्हणजे काय, ते म्हणाले, वरचा रंग खरवडून काढू, पेपरात येईल, लोक लांबून बघायला येतील. तज्ज्ञ शोधा. बाईंनी मास्तरांना फोन केला. लेकीने तो त्यांच्या कानाशी धरला. प्रश्न दोनदा सांगावा लागला. मग पलीकडून आवाज आला, “खाली काय आहे ते मला माहीत आहे. चुकलेले चेहरे आहेत. ते कशाला काढता?”

बाईंनी अहवालात तेवढंच लिहिलं, जरा सरकारी भाषेत. वरचा रंग हेच चित्र आहे, खालचा थर उघडू नये, आडभिंत दुसरीकडे घालावी. नववी आकृती कोणाची तेही लिहिलं. साहेबांनी अहवाल वाचून नाक मुरडलं आणि वर पाठवला. पुढे मोठ्या डॉक्टरांची बदली झाली, यंत्रं एका जुन्या वर्गात बसली आणि आडभिंतीची गोष्टच मागे पडली. शिंप्याला कळलं तेव्हा तो भिंतीसमोर उभा राहून कुठली पाठ काकाची ते शोधत बसला. पोस्टमनने मास्तरांना वेड लागलंय असं जाहीर केलं आणि तो अजूनही तेच म्हणतो.

पण हे सगळं नंतरचं. त्याआधी मावशींना सांगायचं होतं आणि ते बाईंच्या जिवावर आलं होतं. एक महिना त्यांनी टाळला. मावशी आल्या, चित्राशी बोलल्या, तपासून गेल्या. बाई शेजारच्या खोलीत उगाच मोजमापं घेत राहिल्या. घरी यजमानांची दाढी करताना त्यांनी विचारलं, सांगू की नको? साबणाच्या फेसातून ते म्हणाले, “तू नाही सांगितलंस तर पाटी सांगेल. आणि तिला ती दुसऱ्या कोणाकडून तरी वाचून घ्यावी लागेल.”

म्हणून पुढच्या खेपेला बाई मावशींच्या शेजारच्या खुर्चीत बसल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं. मावशींनी मधे एकदाही अडवलं नाही. शेवटी एवढंच विचारलं, कुठला?

बाईंनी त्यांना हाताला धरून भिंतीपाशी नेलं. तेवढ्याशा नजरेने मावशी त्या पाठीवर तुकड्या-तुकड्याने फिरल्या. पट्टा, मान, उतरलेला खांदा. खांद्यापाशी थांबल्या.

“दप्तर एकाच खांद्याला अडकवायचा,” त्या म्हणाल्या. “आई ओरडायची, वाकडा होशील म्हणून.”

परत येऊन त्या खुर्चीत बसल्या. नर्सने नंबर पुकारला तरी उठल्या नाहीत. नर्सने समजून पुढचा पुकारला. बऱ्याच वेळाने मावशी म्हणाल्या, “इतकी वर्षं तोंडाकडे बघून बोलले. आता पाठीशी काय बोलू?”

बाईंनी मावशींच्या पिशवीचा बंद नीट केला. मावशींनी मग विचारलं, मास्तरांकडे मला न्याल का? नाही म्हणायचं बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. घरी शेजारणीला आणखी दोन तास थांबायला सांगावं लागणार होतं, आणि तिचंही तोंड हल्ली जरा वाकडं व्हायला लागलं होतं. पण त्या हो म्हणाल्या.

त्या दोघी बसने गेल्या. उतरताना पायरी दिसेना म्हणून मावशींनी बाईंचा दंड घट्ट धरला, तो जिना चढेपर्यंत सोडला नाही. मास्तरांच्या लेकीने दार उघडलं, दोघींकडे बघितलं आणि काही न विचारता आत घेतलं. मास्तर त्याच खुर्चीत होते. गेल्या वेळेपेक्षा आणखी लहान झालेले.

मावशी समोर बसल्या. त्यांना मास्तरांचा चेहरा सापडायला जरा वेळ लागला. मग म्हणाल्या, “मी आईच्या वतीने आलेय. तिने तुम्हाला फार छळलं.”

मास्तरांनी त्यांच्याकडे निरखून बघितलं. “रंगात बोटं घालायचीस ती तू?”

“हो.”

“छळलं नाही. तिचं बरोबर होतं. हनुवटी चुकलीच होती. फोटोत गळ्यावर सावली पडली होती, ती मी हनुवटीत धरली. मला ते नंतर कळलं, पण तोवर तोंड फिरवून झालं होतं.” ते थांबले, दम घेतला. “कशी होती गं मग? तुझ्या आईने ते कधी सांगितलंच नाही. नुसती म्हणायची, अशी नव्हती.”

मावशींनी हात उचलून स्वतःच्या हनुवटीला लावला. काहीतरी सांगायला तोंड उघडलं. हात तसाच राहिला. खिडकीबाहेर डेपोत एक बस मागे घेत होते, तिची शिट्टी वाजत होती. ती थांबली.

“डोळे मिटले की तो खडूच येतो,” मावशी शेवटी म्हणाल्या. “दादाची नाही आठवत.”

“मलाही नाही,” मास्तर म्हणाले. “असू दे.”

लेक चहा घेऊन आली. मास्तरांचा बशीत ओतून तिने निववला आणि मावशींच्या हातात कप नीट धरवून दिला. मास्तर चहा पिता पिताच झोपले. लेकीने बशी काढून घेतली आणि शाल वर ओढली.

परतीच्या बसमध्ये दोघींना बसायला जागा मिळाली. बाईंचे डोळे मिटायला लागले होते. तेवढ्यात मावशींनी विचारलं, त्या पोराचं खरं नाव काय म्हणालात? बाईंनी सांगितलं. मावशींनी ते पुन्हा एकदा म्हणून बघितलं.

“एवढं सगळं ऐकवलंय त्याला,” त्या म्हणाल्या. “जावयाचं सुद्धा. आता एकदम बोलणं टाकलं तर बरं दिसणार नाही.”

बाई म्हणाल्या, नाहीच दिसणार. मग त्यांनी डोकं खिडकीच्या गजाला टेकलं, आणि मावशींचा थांबा येईपर्यंत जागं राहायचा प्रयत्न केला.